लहान गाडीचे फायदे

लहान गाडीचे फायदे मला आजही तोंडपाठ आहेत. ती अरुंद रस्त्यावर वळते. तिला पेट्रोल कमी लागतं. चढावर ती धापा टाकत नाही, चिखलात रुतली तर चार माणसं तिला ढकलून बाहेर काढतात, आणि घरासमोर उभी केली तर शेजारी कुरकुर करत नाहीत. नव्वद सालच्या आसपास हे सगळं मी इतक्या लोकांना ऐकवलं की माझी बायको मला मधेच थांबवून पुढचा मुद्दा स्वतःच म्हणून दाखवायची. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत तेव्हा दोन स्कूटर आणि एक बंद पडलेली मोटार होती. शेजाऱ्यांना कुरकुर करायला कारणच नव्हतं, पण तोही मुद्दा मी सोडत नसे.

यातला एकही मुद्दा खोटा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मला लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. आमच्याकडे गाडीचा नुसता सांगाडा यायचा, म्हणजे चाकं, इंजिन आणि स्टिअरिंग एवढंच, आणि आम्ही त्याच्यावर बॉडी चढवायचो. रुग्णवाहिका, फिरते दवाखाने, टपालाच्या गाड्या. स्ट्रेचर कुठे बसेल, नर्सचे गुडघे कशाला लागतील, हे मी ड्रॉइंग बोर्डवर वाकून ठरवायचो. कामात मी चोख होतो. इंचाचा आठवा भाग चुकला तरी मला चैन पडायचं नाही, आणि दुसऱ्याचा चुकला तर मी त्याला दिवसभर ऐकवायचो.

साहेबांचे मेहुणे परदेशात होते. ते गाड्यांचं एक मासिक पाठवायचे आणि साहेबांचं चाळून झालं की ते माझ्या टेबलावर यायचं. त्यात मी पहिल्यांदा राहायच्या गाड्या पाहिल्या. चारही चाकांना इंजिनचा जोर, त्यामुळे वाळू, दगडधोंडे, ओढा, काही म्हणून त्यांना अडवत नाही. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. एका अंकात अशी गाडी लहान घ्यावी की मोठी, यावर आठ पानं होती. एकीकडे आखूड, बुटकी गाडी, जिच्यात दोघं जेमतेम झोपतात. दुसरीकडे अख्खं कुटुंब मावेल अशी धिप्पाड. डिक्शनरी शेजारी घेऊन मी ती आठ पानं वाचली. लहान गाडीचे माझे सगळे फायदे तिथलेच, शेजाऱ्यांचासुद्धा.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक चित्र घर करून बसलं. माळशेजच्या अलीकडे कुठेतरी ओढ्याकाठी अशी गाडी उभी आहे, मागचं दार उघडं आहे, मी स्टोव्हवर चहा करतोय आणि बायको पाण्यात पाय सोडून बसली आहे. कधी कधी साहेब आणि त्यांच्या मिसेसही तिथे येऊन कौतुकानं गाडी बघायचे. माझ्या घरचं कोणी त्या चित्रात कधी आलं नाही.

घर म्हणजे डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या अंगाला असलेलं आमचं गाव. आम्ही आगरी. आजोबा मिठागरात राबले, वडील राबले, आत्या राबली. मी शिकलो आणि ठाण्यात फ्लॅट घेतला. आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ड’चा ‘र’ होतो, गाडीची गारी होते. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी त्यावरून वर्गात हशा झाला, तेव्हापासून मी प्रत्येक ‘ड’ तोंडातून बाहेर सोडण्याआधी तपासून घ्यायला लागलो. ही सवय इतकी अंगवळणी पडली की गावी गेलो तरी मी पुस्तकासारखा बोलायचो. वडील नुसतं ऐकून घ्यायचे. आत्या मात्र आल्यागेल्याला सांगायची, “आमचा पोऱ्या बग कसा सायबावानी बोलतंय.”

आत्या ही वडिलांची मोठी बहीण. लग्नानंतर चारपाच वर्षांतच तिचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. वडिलांनी तिला आमच्याच गल्लीच्या वळणावर दोन खोल्या बांधून दिल्या. माझी आई हयात होती तोवर दिवसभर बाजारात भाजी विकायची, त्यामुळे मी आत्याच्याच हाताखाली वाढलो. आत्या सकाळी मिठागरात राबायची आणि लग्नसराईत धवलारीण म्हणून जायची. आमच्यात लग्नाच्या प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्यांना धवले म्हणतात, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. तिच्याशिवाय हळद लागत नाही. आत्याला शेकडो धवले पाठ होते आणि आवाज असा होता की मांडवात माइक ठेवायची गरज पडत नसे.

एवढ्या वर्षांच्या मिठागरानं तिचे गुडघे मात्र पार कामातून गेले. दर वर्षी चैत्रात आमचं सगळं गाव कार्ल्याला देवीला जातं. टेम्पोत सतरंज्या, तांदळाची पोती, भांडी, म्हातारेकोतारे आणि पोरंटोरं. आत्या सगळ्यांच्या आधी चढून बसायची आणि घाट येईपर्यंत तिची गाणी संपायची नाहीत. आता दोन वर्षं ती गेली नव्हती. मांडी घालणं बंद झालं होतं, आणि पाय खाली सोडून तासभर बसली तरी गुडघे सुजून यायचे. टेम्पो निघताना ती हात जोडून उभी राहायची, आणि टेम्पो दिसेनासा झाला की घरात जाऊन दार लावून घ्यायची. हे मला वडिलांनी सांगितलं.

त्या वर्षी वडिलांनी खाडीकडचा जमिनीचा एक तुकडा बिल्डरला दिला. गावात ज्याच्या त्याच्या दारात गाडी यायला लागलेली. एका रविवारी ते मला म्हणाले, “आपन पन गारी घेव. पन बायला आरवा व्हता येल अशी कर. तू दवाखान्याच्या गाऱ्या बनवतंस ना? तशी.” बाय म्हणजे त्यांची बहीण. तिला आडवं होऊन देवीपर्यंत जाता यावं, एवढीच त्यांची अट होती. बाकी गाडी कुठली, केवढी, कशी, ते सगळं माझ्यावर सोपवलेलं.

शीळ रस्त्यावर एक व्यापारी लष्करातून निघालेल्या जुन्या गाड्या विकायचा. त्याच्या आवारात चारही चाकांना जोर असलेल्या दोन चांगल्या गाड्या उभ्या होत्या. एक आखूड जीप आणि दुसरी एक-टनी, म्हणजे जवानांना न्यायची लहानशा ट्रकएवढी गाडी. दोन्हींच्या खाली रांगत जाऊन मी त्या तपासल्या. एक-टनीचं इंजिन जास्त चांगलं होतं. हे मी व्यापाऱ्याला बोललो नाही, आणि घरीही बोललो नाही.

दोन्ही गाड्यांच्या आत काय काय बसेल, याची ड्रॉइंग मी काढली. जीपमध्ये मागे साडेपाच फुटांची फळी आणि शेगडीची पेटी. सीटची पाठ पाडली की दोघांची झोपायची सोय, तीही पाय थोडे दुमडून आणि गाडी उभी असतानाच. एक-टनीत उभं राहता येईल एवढं छत, मागे खाली येणारी पायरी, उजवीकडे एकावर एक दोन बर्थ आणि डावीकडे एकच रुंद बर्थ, तळापासून फक्त सोळा इंच वर. हे सोळा इंच मी अंदाजानं घेतले नव्हते. आत्याच्या खाटेची उंची तेवढी होती, तिला उठबस करायला तीच सोयीची पडायची, आणि ते मला न मोजता माहीत होतं. इतकं माहीत असून मी पुढे जे केलं, त्यानं मला आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मला आत्या गाडीत नको होती. हे असं सरळ लिहिताना अजून कान तापतात. ती आली की तिच्याबरोबर सुकटीचा वास येणार, कासोट्याचं लुगडं येणार, तो आवाज येणार. तिच्या मापाचा बर्थ एकदा गाडीत झाला की ती प्रत्येक वेळी येणार, वडील तिला प्रत्येक वेळी बोलावणार, आणि माझ्या त्या ओढ्याकाठी आत्या बसून धवले म्हणणार. मोठ्या गाडीत तिला नाही म्हणायला तोंड नव्हतं. लहान गाडीत नाही म्हणावंच लागत नव्हतं, गाडीच माझ्या वतीनं नाही म्हणाली असती.

असा मी काही एकाएकी झालो नव्हतो. दोनतीन वर्षांपूर्वी, आत्याचे पाय अजून चालत होते तेव्हा, नवरात्रात मी साहेबांच्या कुटुंबाला घेऊन टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेलेलो. आत्या गावच्या बायकांबरोबर आली होती. रस्त्याच्या पलीकडून तिनं मला पाहिलं आणि घरातल्या लाडाच्या नावानं हाक मारली. एकदा नाही, चार वेळा. मला पहिलीच हाक स्वच्छ ऐकू आली. साहेबांच्या मुलीला फुगा घेऊन देण्याच्या निमित्तानं मी पाठ फिरवली आणि गर्दीत शिरलो. पुढच्या रविवारी आत्याच मला म्हणाली, “किती हाका मारल्या रं तुला, ढोलापुरं तुला आयकूच नाय आला.” मी म्हटलं, हो ना, फार आवाज होता.

सगळं बायकोवर ढकलायची सोय होती. ती नौपाड्यात वाढलेली, शाळेत शिक्षिका. आमच्या नातेवाइकांना वाटायचं तिलाच गावचं वावडं असणार, आणि मी त्यांना तसं वाटू द्यायचो. खरं म्हणजे तिनं दोन्ही ड्रॉइंग जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी पसरली आणि एका मिनिटात निकाल दिला.

“मोठीच घे ना. आत्या आरामात आडव्या होऊन येतील. मला त्यांच्याकडून हळदीची गाणी उतरवून घ्यायची आहेत, गाडीत वेळच वेळ मिळेल.”

मी तिला पेट्रोलचा मुद्दा सांगितला. मग चढाचा. मग वळणाचा.

“अरे, पण आपण गाडी घेतोय ती कशासाठी?”

मी म्हटलं, तुला गाड्यांतलं काही कळत नाही. तिनं ड्रॉइंगची गुंडाळी केली आणि ती वह्या तपासायला बसली.

वडिलांपुढे मात्र पेट्रोलबिट्रोल चाललं नसतं. त्यांना पटेल असं एकच कारण होतं आणि ते मी हुडकून काढलं. आमच्या घरची रीत अशी की नवी वस्तू, मग बैल असो, होडी असो नाहीतर गाडी, आधी दारात आली पाहिजे. घरच्या बाईनं तिच्यावर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, दारात नारळ फुटायचा, मग ती देवीला जायची. दारात न आलेली गाडी वडिलांच्या लेखी भाड्याची. ती नाक्यावर उभी करून आपण चालत घरी येऊ, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. आणि आत्याला तर नाक्यापर्यंत चालवतही नव्हतं. म्हणजे गाडी गल्लीत शिरून वळलीच पाहिजे. वळणावर आत्याचं घर होतं आणि घराचा काळ्या दगडाचा ओटा गल्लीत पुढे आलेला होता. आत्याचा सगळा दिवस त्या ओट्यावर जायचा. सकाळी तिथे सुकट निवडणं, दुपारी बायकांची बैठक, संध्याकाळी गाणी शिकायला येणाऱ्या मुली. लग्न ठरलं की मुलीची आई नारळ-सुपारी घेऊन याच ओट्यावर यायची.

मी टेप घेऊन गल्ली मोजायला गेलो तेव्हा आत्या ओट्यावरच बसली होती. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून तिनं धरलं.

“नीट धर गं, हलवू नकोस,” मी म्हटलं.

तिनं ते दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं. माप घेतलं, दोनदा घेतलं. एक-टनी वळत होती. गाडीचा मागचा कोपरा आणि ओटा यांच्यात चांगली वीतभर जागा राहत होती, आणि हात बसलेल्या ड्रायव्हरला वीतभर भरपूर झाली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी गल्लीचा नकाशा काढला. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून एक-टनीच्या वळणाची कमान कंपासनं आखली. मग ओट्याची रेघ पुसली आणि दोन फूट पुढे सरकवून पुन्हा ओढली. जन्मभर इंचाच्या आठव्या भागासाठी लोकांशी भांडलो, आणि इथे सरळ दोन फूट.

रविवारी मी तो नकाशा वडिलांच्या खाटेवर पसरला. ही आपली गल्ली, हा आत्याचा ओटा, ही मोठी गाडी, आणि बघा, इथे ठोकते. वडिलांना अक्षरओळख होती, नकाशा वाचता येत नव्हता. त्यांनी त्या वळणावर बोट ठेवलं.

“काय बी करून नाय वलत?”

“दोन फूट ओट्यात घुसते.”

“तू बोलतंस तं तसाच आसल.” मग म्हणाले, “मंग बायचा कसा?”

मी म्हटलं, जीपमध्ये तिला पुढे बसवू, पाठीला उशी देऊ, मधे मधे थांबत जाऊ. तेवढ्यात पेट्रोलचाही मुद्दा मी सांगून घेतला. वडिलांनी नकाशा गुंडाळून माझ्या हातात दिला. माझ्या मनावरचं ओझं उतरलं आणि त्या दुपारी मी कालवणाबरोबर दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. सोमवारी व्यापाऱ्याला फोन केला आणि सांगितलं, जीप घेईन बहुतेक, पुढच्या आठवड्यात पक्कं करतो. तो म्हणाला, सावकाश करा, दोन्ही उभ्या आहेत.

पुढच्या रविवारी बायको आणि मी गल्लीत शिरलो, वळणावर आलो आणि मला क्षणभर वाटलं आपण दुसऱ्याच गल्लीत आलोय. आत्याच्या घराला ओटा नव्हता. तिचं दार जमिनीपासून हातभर वर तसंच अधांतरी राहिलं होतं आणि त्याच्याखाली पायरी म्हणून चार विटा रचल्या होत्या. काळे दगड बाजूला भिंतीशी लावून ठेवलेले. आत्या खाली मातीत गोणपाट टाकून, पाय लांब करून बसली होती. दोन्ही हातांची कोपरं खरचटलेली.

“आलास? बग,” ती म्हणाली. “परवा फोरला ओटा. दोघं गरी लावलं व्हतं, पन बारकं दगर सगलं मीच उचललं. आता वलंल ना तुजी मोठी गारी?”

झालं होतं असं. वडिलांनी त्याच रविवारी संध्याकाळी तिला सांगितलं होतं की मोठी गाडी ओट्याला लागते म्हणून लहान घेतोय. तिनं तेव्हा नुसतं ‘बरा’ म्हटलं. मग वडील एका कामासाठी दिवसभर कल्याणला गेलेले पाहून तिनं ओटा पाडून घेतला. ते घरी असते तर त्यांनी पाडू दिला नसता, हे तिला माहीत होतं.

“अगं पण कशाला?” माझ्या तोंडून एवढंच निघालं.

“माज्या ओट्यापायी तुला मनासारकी गारी नाय मिलत, मना लाज वाटली रं,” ती म्हणाली. “वरीसभर हौसंनी चित्रा कारतंस तू.”

बायको माझ्याकडे बघत होती. नाक्यावरच्या वाण्याकडे फोन होता. एक-टनी आवारात उभी होती. मी एक फोन केला असता तर त्या ओट्याच्या दगडांचं काहीतरी चीज झालं असतं. माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते सांगतो. माझ्या मनात आलं, आता मोठी घेतली तर ही जन्मभर गळ्यात पडेल, ओटा दिला म्हणून हिचा हक्कच होईल.

“आत्या, उशीर झाला गं,” मी म्हटलं. “जीपचा व्यवहार कालच झाला.”

“जाला?” ती म्हणाली. मग हसली आणि हात झटकले. “मंग जाव दे. बारकी तं बारकी. येल तरी सरल.”

जेवणाआधी वडिलांनी मला परसात बोलावलं. ते पेरूच्या झाडाला टेकून उभे होते आणि माझ्याकडे न बघता बोलत होते.

“ओट्याचा पाया अजून दिसतंय. तू सांगलंस तवरी लांब गारी धरून मी पावलांनी मोजला. मोठी गारी वलत व्हती.”

“मिठागरात मी जलमभर पावलांनी कुंड्या आखल्या,” ते म्हणाले. “मना तुजा कागद नाय कलत, पन जमीन कलते. तुला बाय नको व्हती गारीत, तं नको बोलाचा. मी काय जबरदस्ती केलती? तिचा ओटा कनाला मधी आनलास?”

ओटा कशाला आणलास, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ते जायला वळले आणि पुन्हा थांबले.

“तिला सांगू नको. गारीसाठी फोरला असाच वाटू दे तिला.”

इथे मी सुधारलो असतो तर लिहायला बरं वाटलं असतं. पण त्या लाजेनं मी सुधारलो नाही, उलट ती झाकायची मला घाई झाली. आता एक-टनी आणायची म्हणजे वडिलांपुढे आणि बायकोपुढे कबुलीच देण्यासारखं होतं, आणि तेवढी माझी छाती नव्हती. सोमवारी मी व्यापाऱ्याला फोन करून जीप पक्की केली.

कारखान्यातच मी तिच्यावर बॉडी चढवून घेतली. क्रीम रंग, सरकत्या काचा, मागे फळी, शेगडीची पेटी, सगळं माझ्या ड्रॉइंगबरहुकूम. जीप घरी आणली तेव्हा ती त्या वळणावरून इतकी सहज आली की ओटा असता तरी दोन्ही बाजूंना जागा उरली असती. दारात आत्यानं तिच्यावर पाणी घातलं. आधी पुढच्या दोन चाकांवर, मग मागे जाऊन दुसऱ्या दोन्हींवर. “चारी चाकाना जोर हाय ना हिच्या, मंग चारीना मान,” ती म्हणाली, आणि सगळे हसले. नारळ फुटल्यावर वडिलांनी आणि मी मिळून तिला पुढच्या सीटवर चढवलं. सीट उंच, दार अरुंद, गुडघा वाकेना. कशीबशी बसली. मी तिला नाक्यापर्यंत नेलं आणि परत आणलं. तेवढ्यात तिच्या कपाळावर घाम फुटला होता, पण ती गाडीची तारीफ करत होती. उतरल्यावर भिंतीला धरून म्हणाली, “मस्त हाय. तुमी जावा देवीला. मी घर बगतंय.”

चैत्रात आम्ही तिघंच गेलो, वडील, बायको आणि मी. निघताना आत्यानं बायकोच्या हातात खण-नारळ दिला आणि मला म्हणाली, “देवीला बोल, पुरल्या वर्साला येतंय.” देवीसमोर उभा राहिल्यावर मला ते बोलवेना. बायकोनं ओटी भरली आणि तिनंच काहीतरी पुटपुटलं. मी ते विचारलं नाही.

माझं ओढ्याकाठचं चित्रही मी खरं करून पाहिलं. माळशेजच्या अलीकडे गाडी लावली, मागचं दार उघडलं, स्टोव्ह पेटवला. बायको पाण्यात पाय सोडून बसली नाही, गाडीत बसून पुस्तक वाचत राहिली. चहा पिताना तिनं विचारलं, “तू तेव्हा वाण्याकडून फोन का नाही केलास?” व्यवहार झाला होता, मी म्हटलं. ती म्हणाली, “दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तू फोनवर जीप पक्की करत होतास तेव्हा मी घरातच होते.” एवढंच बोलून तिनं कप विसळले. तो विषय तिनं पुन्हा कधी काढला नाही, आणि आत्यालाही सांगितलं नाही.

ओटा पुन्हा बांधून देतो, असं वडील आत्याला कितीदा म्हणाले. मीही म्हणालो. ती ऐकेना. पोराची गाडी येते, तिला अडचण नको, असं तिचं एकच पालुपद. बायका तिच्याकडे यायच्या, पण बसायला जागा नाही म्हणून उभ्या उभ्या बोलून जायच्या. गाणी शिकायला येणाऱ्या मुली हळूहळू येईनाशा झाल्या. नारळ-सुपारी घेऊन आलेल्या मुलींच्या आया त्या चार विटांवर चढून आत खोलीत जायच्या. आत्या मात्र खोलीत रमायची नाही. ती गोणपाट टाकून वळणावरच बसायची, म्हणजे ओटा होता त्याच्याही पुढे, ऐन गल्लीत, कारण सकाळचं ऊन तिथे यायचं.

त्यामुळे मी दर रविवारी जीप घेऊन आलो की तिला उठावं लागायचं. इंजिनचा आवाज तिला नाक्यापासून कळायचा आणि ती तेव्हाच उठायला सुरुवात करायची. एक हात भिंतीला, एक हात गुडघ्यावर. तरी मी वळणावर पोहोचेपर्यंत तिचं उठणं पुरं झालेलं नसायचं. मी इंजिन चालू ठेवून बसून राहायचो आणि तिच्याकडे न बघता आरशात मागची गल्ली बघायचो. खाली उतरून तिला हात द्यायचा, तर तिच्या डोळ्यांत बघावं लागलं असतं.

एका रविवारी मला कसलीतरी घाई होती. कसली ते आता आठवतही नाही. ती अर्धी उठली होती, आणि मी हॉर्न वाजवला. ती दचकली, हात सुटून पुन्हा खाली बसली, मग कशीबशी उभी राहिली. लुगडं आवरून भिंतीला पाठ लावली आणि मला हातानं पुढे बोलावत म्हणाली, “ये, ये बाला. माजाच चुकला.”

मी गाडी पुढे घेतली.